हडसनकाठची निसर्गचित्रे आणि तोडलेल्या झाडांचे बुंधे

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन निसर्गचित्रे पाहताना नजर प्रथम डोंगरांकडे आणि सोनेरी प्रकाशाकडे जाते. पण त्यांचा इतिहास समजून घ्यायचा, तर चित्राच्या पुढ्यात रंगवलेल्या तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांपासून सुरुवात करावी लागते.

या परंपरेचा प्रवर्तक टॉमस कोल १८०१ मध्ये इंग्लंडमधील बोल्टन या कापडगिरण्यांच्या गावी जन्मला आणि १८१८ मध्ये कुटुंबासह अमेरिकेत आला. १८२५ मध्ये तो न्यूयॉर्क राज्यातील हडसन नदीने कॅट्सकिल डोंगरांत गेला. त्याच वर्षी एरी कालवा पूर्ण होऊन ही नदी महासरोवरांशी जोडली गेली. ज्या रानाला तो अस्पर्श मानून रंगवू लागला, त्याच्या पायथ्याशीच व्यापाराचा हमरस्ता खुला झाला होता. खरे तर ते रान कधीच निर्मनुष्य नव्हते. मोहिकन या मूळ रहिवाशांना तेथून हुसकावल्यावरच ते तसे दिसू लागले, आणि या चित्रांचे कौतुक करताना हे विसरणे मला अन्यायाचे वाटते.

१८३६ मधील ‘द ऑक्सबो’ या चित्रात कोलने माउंट होलियोकवरून दिसणारे कनेक्टिकट नदीचे वळण रंगवले. डावीकडे वादळ आणि मोडका वृक्ष, उजवीकडे उन्हात आखीव शेते. दूरच्या टेकडीवर जंगलतोडीचे ओरखडे. यातले काय हवे, याचा निवाडा त्याने केला नाही. त्याच सुमारास मात्र त्याच्या घराजवळच्या कॅट्सकिल ओढ्याकाठी रेल्वेसाठी झाडे तोडली जाऊ लागली, तेव्हा त्याने आपला आश्रयदाता लुमन रीड याला अतिशय संतापून पत्र लिहिले. पुढे त्याने स्मरणातले रान जपल्यासारखे, गर्द झाडांनी वेढलेले त्या ओढ्याचे दृश्य रंगवले. १८४३ मध्ये तोच परिसर पुन्हा रंगवताना झाडांची ती चौकट नाहीशी झाली होती. पुढ्यात बुंधे, कुऱ्हाड घेतलेला माणूस आणि दूर पुलावरून जाणारी इवलीशी आगगाडी. ही दोन चित्रे शेजारी ठेवली की सात वर्षांत काय गेले ते कळते.

जॉर्ज इनेसचे ‘द लॅकवाना व्हॅली’ (सुमारे १८५६) तर रेल्वे कंपनीनेच करवून घेतलेले, तरी त्यातही बुंध्यांनी भरलेले मैदान आहेच.

कॅट्सकिलमधील तोड केवळ रेल्वेसाठी नव्हती. कातडी कमावण्याच्या कारखान्यांना हेमलॉक वृक्षाची साल लागे (सॉक्रेटिसाच्या विषाशी या सूचिपर्णी झाडाचा संबंध नाही), आणि साल सोलल्यावर खोडे बहुधा तशीच कुजत पडत. सॅनफर्ड गिफर्डने १८६६ मध्ये ‘हंटर माउंटन, ट्वायलाइट’ या चित्रात अशाच उजाड माळाचे संध्याकाळचे दृश्य रंगवले: बुंधे, एक घर, काही गुरे आणि वर शांत चंद्रकोर. हे चित्र त्याचा मित्र जेम्स पिंचो याने विकत घेतले. पिंचो घराण्याचा पैसा काही अंशी लाकडाच्याच व्यापारातला होता. जेम्सने आपल्या मुलाचे नाव या चित्रकारावरून गिफर्ड ठेवले होते. तोच गिफर्ड पिंचो १९०५ मध्ये अमेरिकेच्या वनसेवेचा पहिला प्रमुख झाला.