पोवळं कुणी खाल्लं? झिंग्यावर आळ घेण्याआधी

समुद्री टाकीतलं पोवळं मेलं आणि त्यावर झिंगा चिवडत बसलेला दिसला, की निकाल लगेच लागतो: झिंग्यानं खाल्लं. पुष्कळदा हा निकाल खोटा असतो. झिंगा आधीच मेलेलं मांस साफ करत असतो आणि खरं कारण पाण्यात असतं. कधी निकाल खराही असतो, पण तेव्हा खाणारा झिंगा बहुधा आपण ज्या नावानं विकत आणला तो नसतोच. या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता यायला हव्यात. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर राहून टाकी मांडणाऱ्याला तर त्या यायलाच हव्यात, कारण इथे पोवळ्याचा प्रत्येक जीव फार लांबून, फार हाल सोसून आलेला असतो.

माझ्या पुतण्याची टाकी विदर्भातल्या दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं असलेल्या भागात आहे. गावातली माणसं टाकी पाहायला येतात आणि हमखास विचारतात, "आपल्या इहिरीचं पानी खारंच हाये ना, मंग थे मीठ इकत काऊन आनता बाप्पा?" प्रश्न रास्त आहे. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात सोडियम आणि क्लोराइड मिळून सुमारे ८५ टक्के. उरलेल्यात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम. कुठल्याही महासागरात गेलात तरी या क्षारांचं आपसातलं प्रमाण जवळपास तेच राहतं. खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचं पाणी पिकाला आणि माणसाला खारं लागतं, पण समुद्राच्या मानानं ते फार फिकं असतं आणि त्यातल्या क्षारांची जुळणीही निराळी असते. समुद्राच्या लिटरभर पाण्यात ४०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं. पोवळी त्यातूनच सांगाडा बांधतात. म्हणून आरओचं पाणी घेऊन त्यात तयार समुद्री मीठ मोजून विरघळवायचं, याला पर्याय नाही.

आता पोवळ्याकडे. पोवळं हा प्राणी आहे, आणि बहुधा एकटा नसून मोठी वसाहत असतो. वसाहतीतल्या एकेका जिवाला पॉलिप म्हणतात. पॉलिप म्हणजे एक मऊ पिशवी: वर एकच तोंड, अन्न आत जायला तेच आणि उष्टं बाहेर टाकायलाही तेच, तोंडाभोवती बारीक स्पर्शिका आणि त्यांत डंख मारणाऱ्या पेशी. उथळ पाण्यातल्या बहुतेक पोवळ्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडात अन्न तयार करतं आणि यजमानाची ऊर्जेची गरज कधी कधी ९० टक्क्यांपर्यंत भागवतं. ही एक गोष्ट कळली की झिंग्यानं होणारं अर्धं नुकसान समजतं. पॉलिपला वारंवार डिवचलं की तो मिटतो. मिटलेल्या पॉलिपच्या शैवालाला पुरेसा उजेड मिळत नाही. झिंगा एक घासही न खाता नुसता रोज अंगावरून चालत राहिला, तरी पोवळं हळूहळू उपाशी पडतं.

कायद्याचं इथेच सांगतो. दगडी सांगाड्याची सगळी प्रवाळं, काळी प्रवाळं, अग्निप्रवाळ, ऑर्गनपाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातलं गेलं. मेळघाटातल्या वाघाला ज्या अनुसूचीचं संरक्षण आहे, तीच ही अनुसूची. ही प्रवाळं विकणं गुन्हा आहे आणि विकत घेणंही. कुणी स्वस्तात देतो म्हणाला तरी घेऊ नका. पुतण्याच्या टाकीत दगडी प्रवाळ नाही. आहेत ती बटन पॉलिप, म्हणजे झोअँथिड, आणि मश्रूम हे छत्रीसारखे चपटे जीव. दोघांनाही दगडी सांगाडा नसतो, पण दगडी प्रवाळांची ती जवळची नातलग, आणि हौशी माणसं त्यांनाही पोवळंच म्हणतात.

झिंगा टाकीत येतो तो बहुतेक वेळा ऐप्टेशियामुळे. ऐप्टेशिया हे तपकिरी, पारदर्शक, छोटं समुद्रफूल दगडाला चिकटून टाकीत शिरतं आणि तणासारखं माजतं. ते ओरबाडून काढायला जावं, तर पायाचा राहिलेला बारीकसा तुकडाही नवं समुद्रफूल होऊन उभा राहतो. शेजारच्या पोवळ्याला ते डंख मारतं. त्यावरचा जुना उतारा म्हणजे पेपरमिंट श्रिंप. लायस्मॅटा वंशाचा हा अटलांटिकमधला झिंगा ऐप्टेशिया आवडीनं खातो.

पण पेपरमिंट म्हणून दुकानात जे मिळतं, त्यात गोंधळ फार. लायस्मॅटा वुर्डेमनाय हे नाव १८५० पासून चालत आलेलं. पश्चिम अटलांटिकमधले बहुतेक तांबड्या रेघांचे झिंगे त्याच नावाखाली जमा होत असत. २००६ मध्ये अँड्र्यू राइन आणि जुनडा लिन यांनी हा गठ्ठा सोडवला, तेव्हा त्यातून चार नव्या जाती निघाल्या. म्हणजे शास्त्रज्ञांनाच दीडशे वर्षं जे एक वाटलं, ते अनेक होतं. दुकानदाराला काय बोलावं? तरी हा घोळ घरातल्या घरातला, एकाच वंशातला. टाकीला नडतो तो दुसरा घोळ.

हिंदी महासागरात आणि पश्चिम पॅसिफिकमध्ये कॅमल श्रिंप नावाचा झिंगा सापडतो. इझाबेला गॉर्डन यांनी १९३६ मध्ये त्याला दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन शहरावरून ऱ्हिंकोसिनेटस डर्बनेन्सिस असं नाव दिलं. अंगावर तांबड्या-पांढऱ्या रेघा, आकार पेपरमिंटच्याच आसपास, स्वभाव घोळक्यानं राहण्याचा. दुकानाच्या निळ्या उजेडात तो पेपरमिंट म्हणून सहज खपतो. आणि हा मात्र बटन पॉलिप, मश्रूम, मऊ पोवळी खरोखर खातो. पॉलिप चिमट्यांनी खुडून खातो, आणि रात्री खातो.

दोघांतला फरक एकदा डोळ्यांत बसला की चुकत नाही. पेपरमिंटचं अंग काचेसारखं अर्धपारदर्शक; त्यावर अंगाच्या लांबीनं गेलेल्या बारीक तांबड्या रेघा. पांढरे ठिपके नाहीत. कॅमलच्या तांबड्या अंगावर पांढऱ्या रेघा आणि पांढरे ठिपके स्पष्ट दिसतात, पाठ उंटासारखी वर उचललेली, डोळे मोठे. सगळ्यात खात्रीची खूण तोंडापुढच्या चोचीत आहे. झिंग्यांच्या डोक्यावर पुढे आलेला करवतीसारखा काटा बहुतेक जातींत कवचाला घट्ट जोडलेला असतो. कॅमलच्या कुळात तिथे सांधा असतो, त्यामुळे चोच वर-खाली होते. दुकानात काचेपाशी वाकून पाच मिनिटं बघत बसा; चोच वर उचललेली किंवा हलताना दिसली, तर तो झिंगा पोवळ्याच्या टाकीत आणायचा नाही.

पुतण्याच्या टाकीत असेच दोन झिंगे होते, दोन्ही एकाच नावानं घेतलेले. बटन पॉलिपच्या गालिच्यात भोकं पडू लागली तेव्हा तो म्हणाला, "काका, थ्यानंच खाल्लं, म्या डोयानं पाह्यलं." कोणी, हे मात्र त्याला सांगता येईना. आम्ही तांबड्या कागदानं झाकलेली बॅटरी घेऊन रात्री टाकीपाशी बसलो. तांबडा प्रकाश या प्राण्यांना कमी जाणवतो, त्यामुळे ते आपापली कामं चालू ठेवतात. एक झिंगा दगडाच्या सापटीत फिरत होता. दुसरा पॉलिपच्या झुपक्यावर उभा राहून खुडत होता, आणि त्याच्या पाठीवर पांढरे ठिपके होते.

खऱ्या पेपरमिंटलाही मी सरसकट निर्दोष म्हणणार नाही. आपल्याकडे पूर्णेत, वैनगंगेत, भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत जे झिंगे मिळतात, तेही तळाशी पडलेलं जे मिळेल ते खातात: मेलेला मासा, कुजलं पान, गोगलगाय. समुद्रातल्या झिंग्यांची रीत याहून फार वेगळी नाही. म्हणून एक पेच उभा राहतो. पेपरमिंटला भरपूर खाऊ घातलं तर तो ऐप्टेशियाकडे ढुंकून पाहत नाही. त्यानं ऐप्टेशिया खावा म्हणून उपाशी ठेवलं, तर काही झिंगे बटन पॉलिपला तोंड लावतात. माझं मत असं, की उपाशी मारून कामाला लावू नये. थोडं खायला द्यावं, एकट्यादुकट्या झिंग्याकडून चमत्काराची अपेक्षा करू नये, आणि ऐप्टेशिया दगड भरून टाकायच्या आत त्याला आणावं.

पांढऱ्या पट्ट्याचा क्लीनर श्रिंप पोवळं खात नाही. माशांच्या अंगावरचे परजीवी टिपणारा हा प्राणी मला फार आवडतो. पण त्याची चोरी वेगळीच आहे. मोठ्या तोंडाच्या पोवळ्याला आपण खाऊ घातलं, की हा धावत येतो आणि पॉलिपच्या तोंडात हात घालून घास बाहेर ओढतो. पॉलिप गिळायला वेळ लावतो. झिंगा वेळ लावत नाही. त्या ओढाताणीत आतली मऊ कातडी फाटते, आणि पाण्यातले जिवाणू अशा जखमेची वाटच पाहत असतात. उपाय साधा: आधी झिंग्याला पोटभर खाऊ घाला, मग पोवळ्याला, आणि पॉलिप मिटेपर्यंत त्यावर कापलेल्या प्लास्टिकच्या बाटलीची टोपी ठेवा.

नांगीनं पिस्तुलासारखा आवाज काढणारा पिस्तूल श्रिंप दात न लावता नुकसान करतो. बिळं उकरताना तो तळालगतच्या पोवळ्यांवर वाळू टाकतो आणि दगडांचा पाया पोकळ करतो. त्याच्या नांगीचा आवाज दोन पात्या आपटल्याचा नसून फुटणाऱ्या बुडबुड्याचा असतो, हे मिशेल वर्सलुइस आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये अतिवेगवान कॅमेऱ्यानं दाखवलं.

आता दुसरी बाजू, आणि विदर्भात तीच जास्त महत्त्वाची. इथलं मे महिन्यातलं ऊन पंचेचाळीस अंशांच्या घरात जातं. पोवळ्याला २४ ते २७ अंश मानवतात. पाणी तीस अंशांच्या वर टिकून राहिलं, की अंगातलं शैवाल आणि पोवळं यांचं बिनसतं. शैवाल बाहेर पडतं, रंग उडतो. त्यात वीज गेली की पाण्याचा प्रवाह थांबतो. गरम आणि खाऱ्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळतो, मग काही तासांत जीव गुदमरतात. शिवाय कोरड्या हवेत पाणी झपाट्यानं उडतं, पण मीठ मागेच राहतं. दोनशे लिटरच्या टाकीतून दहा लिटर उडालं, तर ३५ ची क्षारता जवळपास ३७ होते. कमी झालेलं पाणी रोज साध्या आरओच्या पाण्यानं भरायचं, मिठाच्या नव्हे, ते यासाठीच.

टाकीवर पंखा लावला तर बाष्पीभवनानं पाणी काही अंश थंड होतं, आणि एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो छान चालतो. पण त्याच बंद खोलीत कूलर लावला, की हवा दमट होते आणि पंख्याचा गुण निम्मा जातो. खिडकी उघडी ठेवा, नाहीतर कूलर दुसऱ्या खोलीत न्या. जुलैत पाऊस लागल्यावरही असंच होतं. ऊन कमी झालं म्हणून गाफील राहू नये.

उन्हानं किंवा क्षारतेनं मेलेल्या पोवळ्यावर झिंगा येणारच. त्याच्या पुढच्या लहान स्पर्शिकांना कुजत्या मांसाचा वास लांबून कळतो. म्हणून आधी काय झालं ते बघायचं. रंग आधी उडाला, कातडी बुडाकडून सुटत गेली, एकाच वेळी दोन-चार जातींची पोवळी आजारली, आणि आदल्या दिवसांत ऊन किंवा वीज यांचा काही प्रकार झाला असेल, तर झिंगा नंतर आलाय. उलट पाण्याची मोजमापं ठीक आहेत, शेजारचं पोवळं टवटवीत आहे, आणि एकाच जातीचे पॉलिप रात्रीतून खुडल्यासारखे नाहीसे होतायत, तर संशय झिंग्यावर जातो.

संशयाची खात्री करून घेण्याचा उत्तम मार्ग म्हणजे वेगळं ठेवून बघणं. भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात झिंगा त्याच टाकीत आठ-दहा दिवस ठेवा, रोज खायला द्या. या काळात दिवा, मीठ, खाणं, काहीच बदलू नका. पॉलिप उघडू लागले आणि नवी भोकं पडायची थांबली, तर उत्तर मिळालं. सोबत अजून दोन गोष्टी बदलल्या, तर कशामुळे फरक पडला हे कधीच कळणार नाही. डब्यात एखाद दिवशी रिकामं कवच दिसलं तर झिंगा मेला असं समजू नका. कात टाकून तो कोपऱ्यात लपलेला असतो.

खऱ्या समुद्रात काही झिंगे पोवळ्याची राखण करतात. पीटर ग्लिन यांनी पनामाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर पाहिलं, की पोसिलोपोरा प्रवाळाच्या फांद्यांत राहणारा एक पिस्तूल झिंगा आणि त्याच्या सोबतचे छोटे खेकडे, प्रवाळ खायला आलेल्या काटेरी तारामाशाला नांग्यांनी हुसकावून लावतात. त्यांना प्रवाळाच्या चिकट द्रवातून अन्न मिळतं, दडायला जागा मिळते. कॅमल श्रिंपही समुद्रात फिरून खातो, आज इथे, उद्या तिथे. घरच्या टाकीत त्याला फिरायला जागा नाही आणि पोवळ्याला भरून यायला उसंत नाही.

झिंगा दोषी ठरला तर जाळीनं पकडायच्या मागे लागू नका. दगड हलतात, पोवळी तुटतात, आणि झिंगा सापडत नाही. प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा आत बसवा, आत माशाचा तुकडा टाका, दिवे मालवायच्या वेळी तळाशी ठेवा. आत शिरलेल्याला बाहेरची वाट सापडत नाही. बटन पॉलिपच्या दगडाला हात लावायचाच असेल तर रबरी हातमोजे घाला आणि डोळे जपा. त्यांच्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन असतं. ते अतिशय जहाल विष आहे, म्हणून असा दगड कधीही गरम पाण्यात उकळू नका. पकडलेला झिंगा नाल्यात किंवा विहिरीत सोडू नका. तिथल्या फिक्या पाण्यात तो तडफडून मरेल. पोवळी नसलेल्या, फक्त समुद्री माशांच्या टाकीत कॅमल श्रिंप चांगला जगतो. पुतण्याचा ठिपकेवाला आता अशाच एका टाकीत आहे.