व्हिप क्रीमचा केक आणि बटरक्रीमचा केक: दिसायला सारखे, कापायला वेगळे

बेकरीच्या काचेआड दोन्ही पांढरे, दोन्ही गुळगुळीत, दोन्हींवर चेरी. घरी आणल्यावर मात्र एक सुरेख कापला जातो आणि दुसऱ्याचा लगदा होतो. मग बोल लावला जातो सुरीला. खरं तर बहुतेक वेळा सुरीपेक्षा केक किती थंड होता, यावरच सगळं अवलंबून असतं. व्हिप क्रीमचा केक थंडगार असतानाच कापायचा, बटरक्रीमचा फ्रिजबाहेर काढून थोडा मऊ झाल्यावर. घरोघरी होतं ते याच्या उलट. व्हिप क्रीमचा केक फोटोंसाठी तासभर टेबलावर राहतो आणि बटरक्रीमचा फ्रिजमधून थेट सुरीखाली जातो.

आधी ओळख. व्हिप क्रीम पांढरंशुभ्र असतं. बटरक्रीम कितीही फेटलं तरी त्यात किंचित पिवळसर झाक राहते आणि जवळ गेलं की बटरचा वास येतो. एकाच आकाराचे दोन केक उचलून पाहिले, तर बटरक्रीमचा हाताला जड लागतो. सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे फ्रिजमधून काढल्याबरोबर तळाशी, कुणाला दिसणार नाही अशा जागी, बोटाने हलकं दाबून पाहणं. बोट रुतलं तर व्हिप क्रीम, घट्ट लागलं तर बटरक्रीम. बेकरीत विचारायला हरकत नाही, फक्त ‘फ्रेश क्रीम आहे का’ असं विचारू नका. त्या नावाखाली बहुधा वनस्पती तेलापासून केलेलं नॉन-डेअरी टॉपिंग मिळतं. कापण्यापुरतं तेही व्हिप क्रीमच.

व्हिप क्रीम म्हणजे फेस. फेटताना त्यात हवा शिरते आणि थंड, घट्ट चरबी ती हवा धरून ठेवते. केक उबदार झाला की चरबी सैल पडते, फेस बसतो, क्रीम पात्याला लपेटतं आणि त्याबरोबर स्पंजचा चुरा पांढऱ्या कडेवर ओढला जातो. म्हणून हा केक मेणबत्ती लावायच्या पाच-दहा मिनिटं आधीच बाहेर काढा. बटरक्रीमचं गणित निराळं: साधारण 250 ग्रॅम बटरला 500 ग्रॅम आयसिंग शुगर. बटर 32 ते 35 अंशांच्या आसपास वितळतं आणि फ्रिजच्या 4-5 अंशांना चांगलंच कडक होतं. अशा थंड केकवर सुरी दाबली तर वरचा थर बर्फीसारखा तडकतो, खालचा स्पंज दबतो आणि क्रीमची अख्खी खपली सुटून येते. एक किलोचा केक पुण्याच्या डिसेंबरात तासभर आधी काढावा. नागपूरच्या मे महिन्यात एसी नसेल तर पंधरा-वीस मिनिटं पुरेत, कारण तिथे खोलीचं तापमानच बटरच्या वितळण्यापुढे गेलेलं असतं आणि जास्त ठेवलं तर थर घसरू लागतात.

आता सुरी. बॉक्सबरोबर येणारी प्लॅस्टिकची सुरी पहिल्या औपचारिक घावापुरतीच. पुढचं काम केकच्या व्यासापेक्षा लांब, पातळ, सपाट धारेच्या सुरीने करा. उंच भांड्यात कडकडीत पाणी घ्या, पातं पाच-सहा सेकंद बुडवा आणि कोरड्या फडक्याने पूर्ण पुसा. हे पुसणं कुणी करत नाही आणि पाण्याचे थेंब क्रीमवर ओघळ पाडतात. प्रत्येक कापानंतर पुन्हा बुडवा, पुन्हा पुसा. व्हिप क्रीमच्या केकमध्ये सुरी सरळ खाली बोर्डापर्यंत न्या आणि वर न उचलता तळाशी स्वतःकडे ओढून काढा. वर उचलली की पात्याला लागलेलं क्रीम तुकड्याच्या तोंडावर फासलं जातं. बटरक्रीममध्ये गरम पातं वरच्या थरावर क्षणभर नुसतं टेकवा, त्याला आत जाऊ द्या, मगच खाली दाबा.

दातेरी सुरी दोन्ही क्रीमना वाईट, कारण दातांत क्रीम अडकतं. तिची खरी जागा आयसिंगच्या आधी स्पंजचे थर पाडताना आणि सुक्या फ्रूट केकला. अपवाद एकच: पाइनॅपल केक. सपाट धार अननसाच्या फोडीवर अडते, फोड पुढे सरकते आणि क्रीमसकट सगळं फाटतं. तिथे दातेरी सुरी हलक्या हाताने पुढेमागे चालवा, फोड कापली गेली की सरळ खाली घ्या. घरी करत असाल तर अननस आधीच हरभऱ्याएवढा बारीक चिरा, म्हणजे प्रश्नच मिटतो.

पहिला तुकडा नेहमी मोडतो, कारण दोनच काप देऊन तो उपटला जातो. तीन काप द्या, म्हणजे शेजारचा तुकडाही सुटा होतो आणि पहिल्याला हलायला जागा मिळते. मग घरातलं पातळ, सपाट उलथणं बोर्डाला चिकटवून आत सरकवा. व्हिप क्रीमचा तुकडा प्लेटमध्ये आडवा ठेवावा. उभा ठेवला तर पंख्याखाली दहा मिनिटांत कलतो. बटरक्रीमचा खुशाल उभा राहतो.

माणसं जास्त असतील तर त्रिकोणांचा नाद सोडा. आठ इंची गोल केकचे त्रिकोण करून दहा-बारा जणांचं भागतं. त्याच केकला दोन-दोन इंचांच्या अंतराने समांतर काप देऊन प्रत्येक पट्टी इंच-इंचावर कापली, तर वीसहून थोडे जास्त तुकडे निघतात. कडेचे वाकडे निघतात, ते पोरांना द्यावेत, त्यावर क्रीम जास्त असतं. ही पद्धत बटरक्रीमला जास्त मानवते. व्हिप क्रीमचा केक उंच असेल तर पट्टी आडवी पडते, म्हणून पट्टी कापताना दुसरा हात किंवा चॉपिंग बोर्ड पलीकडून टेकवा. पेस्ट्रीवाल्यांच्या चौकोनी तुकड्यांची कड स्वच्छ येते, कारण ते स्लॅब फ्रीजरमध्ये अर्धवट गोठवतात आणि मोजपट्टीने खुणा करून मग कापतात. घरी अर्ध्या किलोच्या व्हिप क्रीम केकला फ्रीजरमध्ये वीस मिनिटं पुरतात. बटरक्रीमवर हा प्रयोग करू नका.

चॉकलेट ट्रफल केक कापण्याच्या बाबतीत बटरक्रीमच्या गोटात बसतो. फॉन्डंटचा, म्हणजे साखरेच्या लाटलेल्या आवरणाचा केक मात्र निराळा. त्यावरच्या मूर्ती, तारा आणि टूथपिक आधी काढून मोजून घ्या, मग कापा.

उरलेल्या केकच्या कापलेल्या तोंडाला बटर पेपर किंवा क्लिंग फिल्म चिकटवा, नाहीतर फ्रिजमध्ये स्पंज रात्रीत कोरडा पडतो. व्हिप क्रीमचा केक कांदा-लसणाच्या डब्यांपासून लांब, झाकणाच्या डब्यात ठेवा आणि दुसऱ्या दिवशीही थंडच वाढा. बटरक्रीमचा तुकडा वाढायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा.