गुडघ्याचं माप घेणारी वीण

आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर फिजिओथेरपिस्ट बाई दर खेपेला प्लॅस्टिकचा कोनमापक लावून बघायच्या. ८५ अंश, मग ९५. पण घरी जिना उतरताना आईचा पाय किती वाकतो, हे कुणालाच कळत नव्हतं. ते तिच्या गुडघ्यावरच्या विणलेल्या पट्ट्यालाच सांगता आलं तर?

असे पट्टे प्रयोगशाळांत तयार होऊ लागले आहेत, आणि त्यांची सगळी करामत विणीत आहे. घरातला एखादा जुना स्वेटर घेऊन हळूच ताणून बघा. लोकर फारशी लांबत नाही. गोल टाके लांबट होतात आणि शेजारच्या टाक्यांना कुठे घट्ट, कुठे सैल टेकतात. आता लोकरीच्या जागी चांदीचा मुलामा दिलेला नायलॉनचा धागा कल्पा. त्यातून वीज वाहते, आणि टाके जिथे टेकतात तिथे तिला जवळची वाट मिळते. गुडघा वाकला की या वाटा बदलतात, त्यासरशी विद्युतरोधही बदलतो. पट्ट्याला जोडलेलं छोटं सर्किट तो सतत मोजत राहतं. कॅमेऱ्याने टिपलेल्या कोनांशी ते आकडे एकदा जुळवून घेतले, की पुढे रोधावरून कोनाचा अंदाज बांधता येतो.

ताणलेल्या तारेचा रोध बदलतो, हे विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८५६ मध्येच दाखवलं होतं. धातूचा धागा तर आपल्या ओळखीचाच. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत रेमी पोस्ट आणि मॅगी ऑर्थ यांनी कापडावर सर्किट उभं केलं, तेव्हा त्यांनी वापरलेल्या रेशमी ऑर्गंझाच्या धाग्यांवर धातूचा पातळ पत्रा गुंडाळलेला होता. असं कापड भारतात पिढ्यान् पिढ्या विणलं जात होतं. आपल्या जरीचंच हे भावंड!

खरी अडचण येते पाय सरळ करताना. घर्षणामुळे टाके लगेच मूळ जागी परतत नाहीत, त्यामुळे एकाच कोनाला वाकताना एक आकडा येतो आणि सरळ होताना दुसरा. पट्टा जरा खाली घसरला तरी हिशेब चुकतो. म्हणून आत्ताचा एकच आकडा बघून भागत नाही. आधीच्या काही क्षणांची हालचालही संगणकाला विचारात घ्यावी लागते.

आईला हे सगळं समजावून सांगितलं, तेव्हा तिने एकच विचारलं, “धुवायचा कसा?” संशोधकही त्याच प्रश्नात अडकले आहेत: धुताना चांदीचा थर झिजतो, आणि खारट घामातूनही वीज वाहते.