अश्लील आणि असभ्य: अमेरिकेत दंड नेमका कशाचा होतो?

2004 साली अमेरिकन फुटबॉलच्या सुपर बोल या अंतिम सामन्याच्या मध्यंतरात गायिका जॅनेट जॅक्सनचा स्तन क्षणभर उघडा पडला. टीव्ही-रेडिओवर देखरेख ठेवणाऱ्या एफसीसी या तिथल्या सरकारी आयोगाने, सामना दाखवणाऱ्या सीबीएस वाहिनीच्या 20 केंद्रांना मिळून साडेपाच लाख डॉलर दंड ठोठावला. मराठीत आपण सहज म्हणू, 'अश्लीलतेबद्दल दंड'. पण ते दृश्य कायद्याने अश्लील नव्हतंच, असभ्य होतं. मराठीत दोन्हींना एकच शब्द चालून जातो, तिथल्या कायद्यात मात्र सगळा निकाल त्यावर फिरतो.

अश्लीलतेची कसोटी 1973 च्या मिलर खटल्यातली आहे. कलाकृती एकूण पाहता वासना चाळवणारी हवी, लैंगिक कृती उघड किळसवाणी दाखवलेली हवी आणि गंभीर साहित्यिक, कलात्मक, राजकीय वा वैज्ञानिक मूल्य काहीच नको. तिन्ही अटी भरल्या, तरच अश्लील. मग भाषणस्वातंत्र्याचं संरक्षण नाही. दिवस असो वा रात्र, केबल असो वा रेडिओ, बंदीच.

असभ्य म्हणजे लैंगिक किंवा मलमूत्राबद्दलचा आक्षेपार्ह मजकूर, जो या तिन्ही अटी भरत नाही. त्याला मात्र घटनेचं संरक्षण आहे. म्हणूनच त्यावर पूर्ण बंदी नाही. मुलं ऐकत-बघत असण्याची शक्यता असलेल्या सकाळी 6 ते रात्री 10 या वेळेतच मनाई, तीही फक्त हवेतून मोफत येणाऱ्या टीव्ही-रेडिओवर. पैसे भरून घेतलेल्या केबलला ती लागू नाही. याचं मूळ न्यूयॉर्कच्या डब्ल्यूबीएआय रेडिओने 1973 साली भर दुपारी लावलेल्या विनोदवीर जॉर्ज कार्लिनच्या शिव्यांनी भरलेल्या एका विनोदी भाषणात आहे. एका वडिलांनी तक्रार केली, आणि 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी आयोगाची बाजू घेतली. रेडिओ घरात शिरतो, तिथे लहान मुलंही असतात, हे त्यामागचं कारण मला आजही पटतं.

दंडाची भीती मात्र वाढवून ठेवली आहे. 2006 च्या कायद्याने कमाल रक्कम दहापट करून एका उल्लंघनाला 3,25,000 डॉलर केली. 2015 मध्ये व्हर्जिनियातल्या रोआनोकच्या एका केंद्रावर आयोगाने एवढाच दंड प्रस्तावित केला. संध्याकाळच्या बातम्यांत पडद्याच्या कडेला जेमतेम 3 सेकंद आलेल्या लैंगिक दृश्यासाठी! हे मला अतीच वाटतं.

सीबीएसचा दंड शेवटी टिकला नाही. क्षणिक दृश्यांबाबतचं धोरण आयोगाने आगाऊ न सांगता बदललं, असं म्हणत अपील न्यायालयाने तो 2008 मध्ये आणि पुन्हा 2011 मध्ये रद्द केला.