स्वमग्न म्हणजे संगणकात हुशार, हा समज चुकीचा आहे

नागपुरात स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) तरुणांच्या पालकांना बहुधा एकच सल्ला मिळतो: "त्याला कोडिंग शिकवा, मिहानमध्ये (नागपुरातील आयटी-औद्योगिक क्षेत्रात) नोकरी लागेल, अशा मुलांचं डोकं त्यातच चालतं." सल्ला आपुलकीचा असला, तरी त्यामागचा समज खरा नाही. स्वमग्न व्यक्तीची आवड अनेकदा फार खोल असते, पण ती कशाची असेल हे निदानावरून कळत नाही. कुणाला रोपांची, कुणाला कापडाची, तर कुणाला जुन्या गाण्यांची असते.

माझ्या भाच्याने संगणकाचा वर्ग दोन महिन्यांत सोडला, तेव्हा घरात सगळेच खचले होते. आज तो नागपूरच्या महाल भागातल्या एका पुस्तकबांधणीच्या दुकानात जुजबंदी, म्हणजे पुस्तकाची पाने शिवण्याचे काम, करतो आणि शिवण्याआधी प्रत्येक फर्म्याचे (घडी घातलेल्या छापील पानांच्या संचाचे) पृष्ठक्रमांक दोनदा तपासतो. मालकांनी कामाचा क्रम कागदावर लिहून दिला आणि कटिंग मशीनपासून दूरची जागा दिली, एवढ्यावर तो टिकला.

म्हणून काम निवडताना क्षेत्राइतकाच तिथला आवाज, उजेड, गर्दी आणि सूचना तोंडी मिळतात की लेखी, याचाही विचार करावा. शक्य असेल तिथे मुलाखतीऐवजी काही दिवस काम करून दाखवण्याची संधी मागावी.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सरकारी आस्थापनांतील किमान ४ टक्के आरक्षणापैकी १ टक्का स्वमग्नतेसह बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या गटांसाठी आहे. त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. तांत्रिक आवडीची अट त्यात कुठेही नाही.