न दाबलेलं बटण

आमच्या गावच्या वाचनालयात गेल्या पावसाळ्यात एक काम अडून बसलं होतं. दाखल नोंदवहीतली चार हजार पुस्तकं एका कार्यकर्त्याने चिकाटीने एक्सेलमध्ये उतरवली होती. दाखल क्रमांक, नाव, लेखक, प्रकाशक, किंमत, सगळं नीट रकान्यांत. पण वाचनालयाच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये एक्सेलची यादी एकदम घ्यायची सोयच नव्हती. पुस्तकाचं नाव टाका, टॅब दाबा, लेखक टाका, पुन्हा टॅब, शेवटी ‘जतन करा’. मग पुढचं पुस्तक.

“म्हणजे हे सगळं परत हाताने भरायचं?” ग्रंथपाल काकांनी विचारलं.

“हाताने नको काका, हाताची नक्कल करू,” मी म्हटलं.

ही नक्कल जमते कशी, ते कळायला आधी खरं बटण दाबल्यावर काय होतं ते बघायला हवं. कीबोर्डच्या आत आडव्या-उभ्या वाहक रेषांची जाळी असते. ‘के’चं बटण दाबलं की त्यातल्या दोन रेषा एकमेकींना जोडल्या जातात. आतली छोटी चिप ही जाळी सारखी तपासत असते. तिला तो जोड सापडतो आणि ती संगणकाला निरोप धाडते. साध्या यूएसबी कीबोर्डचा हा निरोप आठ बाइटचा असतो. पहिल्या बाइटमध्ये शिफ्ट-कंट्रोलसारखी बटणं, दुसरा राखीव, आणि उरलेल्या सहांमध्ये दाबलेल्या बटणांचे क्रमांक. ‘के’चा क्रमांक १४. विंडोज त्याचे ३७ करतं. हा आकडा १९८१च्या आयबीएम पीसीच्या कीबोर्डपासून चालत आलेला आहे. त्या ३७चे पुढे ७५ होतात, आणि अक्षर कुठलं उमटणार ते त्यानंतर ठरतं.

म्हणजे कीबोर्ड अक्षर पाठवतच नाही, तो बटणाची फक्त जागा सांगतो. इंग्रजी मांडणी चालू असेल तर त्या जागी ‘के’ उमटतो, मराठी टंकनाची इन्स्क्रिप्ट मांडणी चालू असेल तर ‘क’. डीटीपीवाल्यांचा कृतिदेव फॉन्ट लावला असेल तर संगणकाच्या लेखी अक्षर इंग्रजी ‘के’च राहतं, पण पडद्यावर काना दिसतो. बटण तेच, दाब तोच, आणि वाचणाऱ्याला दिसतात तीन वेगळ्या गोष्टी. आणखी एक, बटण दाबलं आणि बटण सोडलं या दोन वेगवेगळ्या बातम्या असतात. नक्कल करणाऱ्या प्रोग्रामने कंट्रोल दाबल्याची बातमी दिली आणि सोडल्याची द्यायची राहिली, तर संगणकाच्या मते कंट्रोल दाबलेलंच राहतं आणि पुढचं प्रत्येक अक्षर भलतंच काम करतं.

आता या सगळ्या प्रवासात बोट कुठे आहे? अगदी सुरुवातीला. पुढे फक्त आकडे, एका रांगेत लागलेले. मग एखाद्या प्रोग्रामनेच ते आकडे थेट रांगेत घातले तर? विंडोजमध्ये त्यासाठी सेंडइनपुट नावाची सोय आहे. ‘३७ दाबलं, ३७ सोडलं’ असं तिला सांगितलं की समोरच्या सॉफ्टवेअरला ‘के’ मिळतो. माऊसचंही तसंच. सरकला, डावं बटण खाली, डावं बटण वर. अशा बातमीवर विंडोज ‘बाहेरून घातलेली’ अशी खूण ठेवतं, पण नेहमीची सॉफ्टवेअरं ती खूण बघायला जात नाहीत. १९९९ मध्ये जोनाथन बेनेटने बनवलेलं ऑटोइट, २००३ मध्ये ख्रिस मॅलेटने आणलेलं ऑटोहॉटकी, पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा येणाऱ्यांसाठी अल स्वायगार्टचं पायऑटोजीयूआय, ही सगळी हत्यारं याच तत्त्वावर चालतात.

मी पायऑटोजीयूआय घेतलं आणि पहिल्याच चाचणीत अडले. दाखल क्रमांक भरला, किंमत भरली, पण पुस्तकाचं नाव आणि लेखक कोरे! चूक झाल्याचा एक संदेशही नाही. कारण शोधल्यावर लख्ख दिसलं. हे साधन बटणं दाबतं, आणि त्याच्या यादीत इंग्रजी कीबोर्डवरचीच बटणं आहेत. ‘क’ नावाचं बटण त्याला सापडत नाही, म्हणून ते गुपचूप पुढे जातं. मराठीत काम करणाऱ्या कुणालाही ही ठेच लागणारच. ‘क्ष’ तर एक अक्षर दिसत असलं तरी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ‘क’, हलन्त आणि ‘ष’ अशी तिघांची जुळणी आहे. यावर उपाय दोन. सेंडइनपुटला बटणाऐवजी थेट युनिकोडचा क्रमांक देता येतो, हा एक. दुसरा जास्त साधा. संपूर्ण नाव क्लिपबोर्डवर ठेवायचं आणि फक्त कंट्रोल-व्ही दाबल्याची नक्कल करायची. मी दुसरा निवडला. नावं जशीच्या तशी, जोडाक्षरांसकट बसली.

खरं अवघड यानंतर होतं. बटण दाबणं स्क्रिप्टला, म्हणजे मी लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामला, जमतं, बघणं जमत नाही. आपण ‘जतन करा’वर क्लिक करतो तेव्हा पुढची चौकट उघडेपर्यंत डोळे थांबतात आणि डोळ्यांबरोबर हातही थांबतो. स्क्रिप्टला हे थांबणं कुणीतरी शिकवावं लागतं. मी आधी सोपा मार्ग धरला होता, प्रत्येक नोंदीनंतर एक सेकंद थांब. शंभरेक नोंदी छान गेल्या. मग एक दाखल क्रमांक दोनदा आलेला निघाला. सॉफ्टवेअरने ‘हा क्रमांक आधीच आहे’ अशी चौकट दाखवली. स्क्रिप्टला ती दिसण्याचा प्रश्नच नव्हता. तिने त्या चौकटीतच टॅब आणि एंटर मारले, चौकट मिटली, आणि तिथून पुढे सगळं एका रकान्याने सरकलं. लेखकाच्या जागी पुस्तकं, किमतीच्या जागी प्रकाशक. चाळीस नोंदी आम्ही हाताने पुसल्या.

म्हणून मग घड्याळाकडे बघणं सोडलं आणि खिडकीकडे बघायला शिकवलं. प्रत्येक नोंदीआधी समोरच्या खिडकीचं शीर्षक वाच, हवं तेच असेल तरच पुढे जा, नसेल तर जिथे आहेस तिथे थांब. माझ्या मते अशा कामातली सगळ्यात मोलाची ओळ हीच. बाकीचं टंकलेखन आहे.

माऊसच्या बाबतीत हे आंधळेपण आणखी जाचतं. ‘डावीकडून ८४०, वरून ६१० पिक्सेलवर क्लिक कर’ असं लिहिलेली स्क्रिप्ट दुसऱ्या लॅपटॉपवर नेली की बटण चुकतं. १९२० बाय १०८०च्या पडद्यावर अक्षरं मोठी करून १२५ टक्क्यांवर ठेवली असतील, तर जुन्या सॉफ्टवेअरला तोच पडदा १५३६ बाय ८६४चा वाटतो. एमआयटीतल्या संशोधकांनी २००९ मध्ये सिकुली हे साधन आणलं ते याच अडचणीवर. बटणाचं ठिकाण सांगायचंच नाही, त्याचं चित्र द्यायचं आणि पडद्यावर ते शोधायला लावायचं. शक्य तिथे मी माऊस टाळते, टॅबने जाते. टॅबचा क्रम पडद्याच्या आकाराने बदलत नाही.

एवढं सोपं असेल तर कुठलाही प्रोग्राम आपल्या नावाने बँकेत क्लिक करेल की! ही भीती रास्त आहे, आणि त्यासाठी कुंपणं घातलेली आहेत. २००७ मध्ये आलेल्या विस्टा या आवृत्तीपासून विंडोज कमी अधिकाराच्या प्रोग्रामला जास्त अधिकाराच्या खिडकीत बटणं दाबू देत नाही. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट तर सेंडइनपुटने दाबताच येत नाही. लिनक्सच्या खिडक्या दाखवण्याच्या जुन्या एक्स पद्धतीत कुठलाही प्रोग्राम दुसऱ्याला बटणं पाठवू शकत असे, नव्या वेलँडने ते दार बंद केलं. मॅकवर तशी परवानगी वापरणाऱ्याने स्वतः द्यावी लागते. पण हे कुंपण सरसकट उंच करून चालत नाही. ज्यांचे हात चालत नाहीत, ते फुंकरीने, आवाजाने किंवा एकाच मोठ्या बटणाने संगणक वापरतात, आणि त्यांची साधनं याच वाटेने क्लिक पोहोचवतात. म्हणून विंडोजने अशा साधनांसाठी, डिजिटल सहीची अट घालून, वेगळं फाटक ठेवलं आहे. ते असायलाच हवं.

एका नोंदीला सहा सेकंद धरले तर आमचं काम सहा तास चाळीस मिनिटांचं होतं. रविवारी सकाळी सुरू केलं. “मध्येच थांबवायचं झालं तर?” काकांनी विचारलं. पायऑटोजीयूआयमध्ये यासाठी एक छान तरतूद आहे. माऊस पडद्याच्या कोपऱ्यात नेऊन ठेवला की स्क्रिप्ट तिथेच सोडून देते. “काका, माऊस वरच्या डाव्या कोपऱ्यात ढकला, बास.” कुठली नोंद पूर्ण झाली ते स्क्रिप्ट दर वेळी एका फाइलमध्ये लिहून ठेवत होती.

दुपारी मी डबा उघडत होते तेवढ्यात काकांनी माऊस कोपऱ्यात ढकलला. पडद्यावरून जाणारी किंमत त्यांना खटकली होती. साठ रुपयांचं पुस्तक सहाशेचं झालं होतं. त्यांनी कपाटातून नोंदवही काढली, पान उघडलं, बोट ठेवून वाचलं. वहीत साठच होते, शून्य एक्सेलमध्ये जास्त पडलं होतं. ते दुरुस्त करून आम्ही त्याच ओळीपासून पुढे सुरू केलं, आणि काका खुर्ची ओढून पडद्यासमोरच बसले.