स्टार पेचकस आणि जपानी प्लस: डोकं गोल होतं ते कुणामुळे

टामिया या जपानी कंपनीची रिमोटवर चालणारी गाडी किटमधून जोडणाऱ्यांची एक तक्रार ऐकून कान किटले: "किटमधले स्क्रू फार मऊ, डोकी लगेच गोल होतात." मऊ असतातही थोडे. पण बहुतेक वेळा चूक हातातल्या पेचकसाची असते.

फिलिप्स तुम्हाला ठाऊकच आहे. हार्डवेअरच्या दुकानात 'स्टार' मागितला की हातात पडतो तोच, 1930च्या दशकात अमेरिकेतल्या मोटार कारखान्यांत रुजलेला. (सहा पाकळ्यांच्या टॉर्क्सलाही आपल्याकडे स्टारच म्हणतात. तो वैताग पुन्हा कधीतरी.) टामिया मात्र जपानमधल्या शिझुओकाची, आणि तिच्या स्क्रूवरची फुल्ली जपानी वळणाची. लोक तिला 'जेआयएस' म्हणतात. जेआयएस म्हणजे जपानची औद्योगिक मानकं. त्यांत स्क्रूखेरीज हजार गोष्टी येतात. मी सरळ 'जपानी प्लस' म्हणतो.

वरून पाहिलं तर दोन्ही फुल्ल्या सारख्याच दिसतात. फरक आत आहे. फिलिप्स पेचकसाच्या चार पात्यांमधल्या बेचक्यांत गोलाई असते आणि टोक किंचित लांब. जपानी पेचकसाच्या बेचक्या जवळजवळ काटकोनी, टोक आखूड आणि बोथट. त्यामुळे जपानी स्क्रूत फिलिप्स घातला की तो मध्येच अडतो आणि पाती खाचांत पूर्ण उतरतच नाहीत. सगळा जोर पात्यांच्या कडांवर येतो, पेचकस वर उचलला जातो आणि जाताना खाचेची कड खरवडून नेतो. गंमत अशी की जोडताना स्क्रू निमूट आत जातो. रडवतो तो सहा महिन्यांनी, बेअरिंग बदलायला गिअरबॉक्स उघडायची वेळ येते तेव्हा. उलट जपानी पेचकस फिलिप्स स्क्रूत बऱ्यापैकी चालतो. म्हणून एकच घ्यायचा तर जपानी घ्या. माझ्या पेटीत व्हेसल या जपानी कंपनीचे दोन आहेत.

पारख सोपी आहे. चुंबक नसलेल्या पेचकसावर स्क्रू बसवा आणि हलवून पाहा. लुडबुडला तर पेचकस चुकीचा.

की मग नंबर, म्हणजे पेचकसाच्या टोकाचं माप, चुकला? कारण दुसरी मेख तिथेच आहे. 3 मि.मी.च्या पॅन हेड (घुमटदार डोक्याच्या) स्क्रूला आयएसओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकांच्या, तक्त्यात 1 नंबरची फुल्ली असते, जपानी तक्त्यात 2 नंबरची. टामियाच्या पत्रकात 'मोठा' म्हणून दाखवलेला प्लस पेचकस म्हणजे हाच 2 नंबर. 2 आणि 2.6 मि.मी.ला 1 नंबर. पण स्क्रू दिसतो चिमुकला, मग मंडळी मोबाइल दुरुस्तीच्या संचातला 0 नाहीतर 00 काढतात. एकाला तर मी लाइन टेस्टरने चेसिस उघडताना पाहिलंय!

स्क्रूच्या डोक्यावरच्या टिंबाचं पुराणही आता पुरे. 'टिंब दिसलं की जपानी फुल्ली' असं जो तो सांगतो. मुळात ते टिंब आट्यांसाठी होतं. जपानमध्ये 3 मि.मी. स्क्रूच्या आट्यांचं अंतर पूर्वी 0.6 मि.मी. असे, आयएसओचे 0.5चे आटे आले तेव्हा नवे स्क्रू ओळखू यावेत म्हणून ही खूण. टिंब नसलेले जपानी स्क्रू ढिगाने सापडतात.

टॅपिंग आणि मशीन स्क्रूचा घोळ त्यामानाने किरकोळ: जाड विरळ आट्यांचा टॅपिंग प्लास्टिकमध्ये, बारीक आट्यांचा मशीन स्क्रू धातूत किंवा नटात. फक्त टॅपिंग स्क्रू परत बसवताना आधी उलटा फिरवा. 'टक्' करून जुन्या आट्यांत उतरला की मग सुलटा आवळा, आणि आवळताना फिरवण्यापेक्षा दाबण्यावर जास्त जोर ठेवा.